टाकलेली हलगी

पोरांनी गाण्याची रात्र ठेवली होती. आमंत्रण मला उशिरा आलं, तेही अर्धं. 'काका, तुम्ही जुने गायक. शेवटी दोन शब्द बोला.' म्हणजे गायचं नाही, बोलायचं. ठीक आहे. आवाज राहिला नाही हे मलाही ठाऊक आहे.

पिंपरीत आमच्या वस्तीत विहारापुढं मोकळी जागा आहे. एप्रिलातली रात्र. अकरा तारीख जोतीरावांची, चौदा तारीख बाबासाहेबांची, त्या दोहोंच्या मधली. पोरांनी नियम दोनच केले होते. गाणारा-वाजवणारा पंचविशीच्या आतला पाहिजे, नि डीजेची भिंत लागणार नाही. दुसऱ्या नियमावर महिनाभर भांडणं झाली. वर्गणी देणारे म्हणाले, डीजे नाही तर वर्गणी नाही. पोरं म्हणाली, नका देऊ. स्टेज म्हणजे कंपनीतून मागून आणलेले लाकडी पॅलेट, वर सतरंजी. माईक दोन, त्यातला एक खरखरणारा.

सात गट आले. निगडीच्या ओटा स्कीममधून दोन मुली आल्या, एक गाणारी, एक ढोलकीवर. आमच्या काळात गायन पार्टीत बाई असली तर ती गाणारी. ढोलकीवर बाई बसलेली मी पहिल्यांदाच बघितली. भोसरीचा एक पोरगा रॅप करतो. त्याला मी आधी नाक मुरडलं. पण त्याचं निम्मं गाणं ठेकेदाराच्या हजेरीबुकावर होतं, नि ते ऐकताना पुढं बसलेली कंत्राटी पोरं हसत नव्हती, माना हलवत होती. दोघं भाऊ चाकणहून पाळी सुटल्यावर थेट आले, अंगात कंपनीचाच शर्ट, हार्मोनियम पोत्यात गुंडाळलेली. गळा चांगला. सुराला जरा वर लावतात, पण ते वयच तसं.

मग महाळुंग्याहून आलेला एक पोरगा उठला. मातंग समाजातला. प्रेसशॉपला कंत्राटी. त्यानं कडेला पुठ्ठे पेटवले नि जाळावर हलगी धरली. कातडं तापल्याबिगर हलगी बोलत नाही. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. त्यानं दोन टोले मारले नि पुढच्या रांगेतून एक म्हातारबा उभे राहिले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, देहूरोडच्या डेपोत जन्म घालवलेला माणूस. म्हणाले, 'विहारापुढं हलगी? हे टाकलंय आपण. बंद कर.'

पोरगं थांबलं. टिपरू हातात तसंच. आग विझत चालली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी 'जुना गायक'. मी उठलो नि काहीतरी गुळमुळीत बोललो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, असलं. दोस्तहो, ते भाषण सांगण्याच्या लायकीचं नाही. त्या रात्री जे बोलायला पाहिजे होतं ते आता लिहितो.

आधी म्हातारबांची बाजू. ते चुकले असं म्हणणाऱ्यानं गावकी बघितलेली नाही. आज स्टेजवर 'लोककला' म्हणून टाळ्या मिळतात ते वाजप गावात काय होतं? पाटलाच्या लग्नात वरातीपुढं वाजवायचं, पण मांडवात जायचं नाही. पोळ्याला बैलापुढं वाजवायचं. जत्रेत देवापुढं वाजवायचं, पण देवळाची पायरी चढायची नाही. त्याबदली पसाभर दाणे, उरलंसुरलं अन्न. कुठल्या गावात हे वाजप मांगवाड्याकडं, कुठं महारवाड्याकडं, कुठं दोघांत वाटलेलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या कामाला कला म्हणणं ही मजा बाहेरून बघणाऱ्याची.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा म्हणून सांगितलं. त्याच वाटेनं पुढं वाजपही गेलं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर गावोगाव वाद्यं खाली ठेवली गेली. माझ्या आज्यानं डफडं आडात टाकलं. मराठवाड्यातलं आमचं गाव. बाप मला हे शंभर वेळा सांगायचा, दर वेळी त्याची छाती वर यायची. गावानं दळण बंद केलं, रानात पाय ठेवू देईना, तरी आज्यानं डफडं परत घेतलं नाही. हा इतिहास आहे नि त्याला मी हात जोडतो.

पण बाप एक गोष्ट सांगायचा नाही. ती मला आईकडून कळली, तीही बाप गेल्यावर. आज्यानं डफडं टाकलं तेव्हा गावाची वरात काही बिनवाजपाची निघाली नाही. ते काम शेजारच्या मांगवाड्यावर पडलं. त्यांचं आधीचं होतंच, त्यात आमचंही. आम्ही ओझं फेकलं ते खाली पडलं नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर पडलं. नि मग आमचीच माणसं त्यांना म्हणायला लागली, तुम्ही अजून वाजवता? तुम्ही अजून मागंच?

आता गाण्याकडं येतो. वाद्य टाकलं तरी गाणं टाकलं नव्हतं, उलट गाणं हातात घेतलं होतं. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याचा विचार गावात गेला तो काही सगळा पुस्तकातून नाही. वाचणारे होते किती? तो गेला जलशातून. सत्यशोधक जलशाच्या सुरुवातीला ज्यांची नावं घेतली जातात त्यांत ओतूरच्या भीमराव महामुनींचं नाव आहे. ओतूर म्हणजे जुन्नर तालुका. चाकणवरून नाशिक रस्त्यानं वर जा, नारायणगावच्या पुढं. आज त्या रस्त्यावर कंटेनरची रांग असते. आमची पोरं रोज जिथं पंच मारतात, त्या पट्ट्याच्या उशाला ही परंपरा आहे.

जलशानं काय केलं? तमाशाचा सांगाडा घेतला. गण, गवळण, वग. त्यातला माल बदलला. गणातला देव गेला, गवळणीतली चेष्टा गेली, वगात भट, सावकार नि पाटील आले. पुढं तीसच्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, ते दिवस. सगळी कामकरी माणसं. बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचे. कर्डकांनी म्हातारपणी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं, १९७८ साली आलं. ज्यानं वाचलं नसेल त्यानं शोधून वाचावं. आपल्या दहा सभा नि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणाल्याची गोष्ट जुने लोक सांगतात. नि तेच लोक दुसरीही गोष्ट सांगतात : पठ्ठे बापूराव तमाशाचे पैसे चळवळीला द्यायला आले, तर बाबासाहेबांनी घेतले नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. तमाशाचा पैसा नको, तमाशाचा सांगाडा चालेल. म्हणजे हत्यार वाईट नव्हतं. ते कुणाच्या हुकमानं नि कशासाठी चालतं, हा सवाल होता. म्हातारबांना मी हे त्या रात्री म्हणायला पाहिजे होतं.

आमच्या ह्या पट्ट्यात गाणं कसं आलं तेही सांगतो. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हातून बुद्धमूर्ती बसली. धर्मांतराच्या पावणेदोन वर्षं आधी. देहू तुकोबांचं, पलीकडं आळंदी ज्ञानेश्वरांची, नि इकडं डेपोतल्या कामगारांचं हे विहार. त्याच साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी, मोटारी-स्कूटरचे कारखाने. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातली माणसं इकडं लोटली. माझा बाप त्यातलाच. आधी खडी फोडली, मग भोसरीच्या फाउंड्रीत चिकटला. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा.

झोपडपट्टीत पहिलं विहार पत्र्याचं होतं. पहिली गायन पार्टी त्या पत्र्याखाली. हार्मोनियम, ढोलकी, टाळ, नि बेंजो. कव्वालीचा मुकाबला ही ह्या काळातली आवड. दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर सवाल-जवाब. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते ही नावं आमच्या तोंडी सिनेमावाल्यांसारखी. (प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजावर पंढरीच्या वाऱ्या चालल्या, हे म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना आवडायचं नाही. मला त्याची गंमत वाटते.) नि ह्या सगळ्यांच्या मागं वामनदादा. देशवंडीचा, सिन्नर तालुक्यातला हा माणूस अक्षर मोठेपणी शिकला, १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, १५ मे २००४ ला गेला. मधली साठ वर्षं त्यांची गाणी गावोगाव गायली गेली. कॅसेट आल्या तेव्हा गाणाऱ्याचं नाव मोठ्या टायपात यायचं, लिहिणाऱ्याचं बारीक, कधी यायचंच नाही. त्या रात्री पोरांनीही तेच केलं. वामनदादांची चार गाणी झाली, नाव एकदा घेतलं. हे मी त्यांना नंतर सुनावलं.

आता माझी चूक. १९८४ ची गोष्ट. आमची गायन पार्टी तेव्हा जोरात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची गाणी आम्ही गायचो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, नि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोवर सोळा वर्षं ती गाणी चालू होती. एका गाण्यात पोचिराम कांबळे यायचे. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव, ऑगस्ट १९७८. मातंग माणूस, जयभीम सोडला नाही म्हणून मारला. ते गाणं मीच म्हणायचो, डोळे मिटून, आवाज चढवून.

आमच्या फाउंड्रीत एक हलगीवाला कामगार होता. तोही मातंग. त्यानं विचारलं, ह्या गाण्यामागं मी वाजवू का? तालीम झाली. दोस्तहो, अजून अंगावर काटा येतो. ढोलकीनं त्या गाण्याला जे कधी दिलं नव्हतं ते हलगीनं दिलं. नि मुकाबल्याच्या दिवशी आमच्यातला एक म्हणाला, हलगी स्टेजवर नको, लोक काय म्हणतील. मी पार्टीचा म्होरक्या होतो. मी त्याला म्हणालो, 'भाऊ, आज राहू दे.' तो काही बोलला नाही. हलगी पिशवीत घातली नि खाली बसून सबंध कार्यक्रम ऐकला. मातंगाच्या बलिदानाचं गाणं मी वर गात होतो, नि मातंगाला मीच खाली बसवला होता. तो परत आला नाही. पुढं फाउंड्री बंद पडली, माणसं पांगली.

म्हणून त्या एप्रिलात हलगीचे दोन टोले ऐकले तेव्हा माझी जीभ का जड झाली, कळलं असेल.

कार्यक्रमानंतर मी महाळुंग्याला त्या पोराच्या खोलीवर गेलो. दहा बाय दहाची खोली, चार पोरं, दोन दिवसपाळीची दोन रातपाळीची, गाद्या त्याच. हलगी खिळ्याला टांगलेली, शेजारी कंपनीची बॅग. पोरगं चिडलेलं नव्हतं. म्हणालं, 'काका, तुम्हाला एक दाखवतो', नि मोबाईल काढला. त्यात अमेरिकेतली एक काळी बाई बँजो वाजवत होती. रिअॅनन गिडन्स तिचं नाव.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो हा नव्हे. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा, तारांचा, खरं नाव बुलबुल तरंग. तो जपानकडून आला. १९१२ साली नागोयात निघालेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्याचा भाऊ. अमेरिकेतला बँजो म्हणजे गोल कड्यावर कातडं ताणलेलं, त्याला लांब दांडी नि तारा. पोरगं म्हणालं, 'बघा, हलगीला दांडी लावली की झालं.'

मग मी नातवाकडून वाचून घेतलं, ऐकून घेतलं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून हे वाद्य तिकडं केलं. मालकाच्या नाचाला त्यांनीच वाजवायचं. १८४० च्या पुढं गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून, बँजो घेऊन, काळ्यांची टिंगल करणारे खेळ काढले. ते देशभर गाजले. ज्या वाद्यावर आपली नक्कल होते ते वाद्य हातात कोण धरील? काळ्या माणसांनी हळूहळू बँजो खाली ठेवला, गिटारसारखी दुसरी वाद्यं घेतली. पुढं १९४० च्या दशकात केंटकीच्या बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' ह्या पार्टीतून ब्लूग्रास नावाचं संगीत घडलं. अर्ल स्क्रग्ज १९४५ ला तिच्यात आला, तीन बोटांनी बँजो वाजवणारा. झालं, बँजो डोंगरातल्या गोऱ्यांचं वाद्य ठरला. ह्या बिल मन्रोनं पोरवयात आर्नल्ड शुल्ट्झ नावाच्या काळ्या मजुराबरोबर नाचाच्या कार्यक्रमात वाजवलं होतं, त्याच्याकडून शिकलो हे तो स्वतः सांगायचा. शुल्ट्झ १९३१ ला मेला. त्याचं नाव घेणारे थोडे राहिले.

२००५ च्या एप्रिलात नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी काळ्या बँजोवाल्यांचा मेळावा भरला. तिथं जमलेली तिघं पोरं, त्यात ही गिडन्स, पुढं जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या काळ्या फिडलवाल्याच्या घरी जाऊन शिकली. थॉम्पसन तेव्हा ऐंशी ओलांडलेला. त्यांनी 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' नावाची पार्टी काढली, २०११ ला ग्रॅमी घेतलं. नि २०१७ ला ब्लूग्रासवाल्यांच्याच मोठ्या संमेलनात गिडन्सनं उभं राहून सांगितलं की हे वाद्य, ह्या संगीताचा अर्धा पाया, आमचा आहे.

तिकडं आपलं नातं नवं नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ ला डू बॉइस ह्यांना पत्र लिहिलं. १९७२ ला पँथर हे नाव आपण तिथूनच घेतलं. पण ही बँजोची गोष्ट आपण घेतली नव्हती. ती महाळुंग्याच्या कंत्राटी पोरानं घेतली.

फरकही आहे, तो विसरून चालणार नाही. तिकडं बहुतेकांनी टाकलं. इथं आम्ही टाकलं, नि ज्यांनी टाकलं नाही त्यांना आम्ही हिणवलं. ज्या नारायणगावावरून ओतूरला जायचं, त्या नारायणगावच्या विठाबाई. भाऊ मांग नारायणगावकरांची लेक. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली बाई जानेवारी २००२ मध्ये हलाखीत मेली. आता सरकार तिच्या नावानं पुरस्कार देतं. अण्णाभाऊ साठे : वाटेगावच्या मांगवाड्यातून निघाले, १९४४ ला अमर शेख नि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, तमाशाचं लोकनाट्य केलं. हलगी, तुणतुणं, ढोलकी ह्यांच्या जिवावर. अण्णाभाऊंचा फोटो आपण सगळीकडं लावतो. त्यांच्या घराण्याचं वाद्य मात्र विहारापुढं चालत नाही.

नि गाण्याला धार आली की किंमत पडते, हेही पोरांना सांगितलं पाहिजे. १५ जुलै १९९७ ला शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसं मेली त्याच्या चौथ्या दिवशी. २००२ ला पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला, डफ नि ढोलकी घेऊन फिरणारी तुमच्याच वयाची पोरं. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे नि सचिन माळी विधानभवनापुढं हजर झाले नि आत गेले. डीजेच्या भिंतीला कुणी पकडत नाही. ती कितीही वाजो.

त्या पोराला मी माझी १९८४ ची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, 'त्यांचं नाव काय होतं?' मी सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं, खाली वामनदादा, त्याच्या खाली आणखी दोघं. म्हणालं, पुढच्या वेळी गाण्याआधी ही नावं घेईन. मग झोपायला लागला, पहाटेची बस होती.

हे सगळं लिहून मी म्हातारबांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. अमेरिकेचं आलं तेव्हा वाटलं झोपले. संपल्यावर म्हणाले, 'मला अजून पटत नाही. तू लिहितोस ते लिही. पण हेही लिही, की माझा बाप पाटलाच्या वरातीपुढं वाजवायचा तेव्हा त्याला पायात वहाणा घालू देत नव्हते. चैत्रातलं ऊन. त्याच्या तळपायाचे फोड मी बघितलेत.'

म्हणून लिहिलं.